हे कोणी काढलं?

कटंगीहून येणारी गाडी वारासिवनीच्या फलाटाला लागली, तेव्हा चंदन नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. डिसेंबरचा पहिला आठवडा. धान कापून झालेलं, खळ्यांवर गंजी रचलेल्या आणि हवेत तणसाचा ओलसर वास. पिशवीत चित्रवही, कोळशाच्या दोन कांड्या आणि घरून बांधून दिलेल्या दशम्या. मी निघालो होतो समुद्रकाठी, अलिबागजवळच्या सासवणे गावाला. तिथे माझं नात्यातलं कोणी नाही. आदल्या संध्याकाळी शेजारच्या कोष्टीबुवांनी मागावरून मान न उचलता विचारलं होतं, "इतक्या लांब काय काम काढलं जी गुरुजी?"

"एक भिंत बघायची आहे," मी म्हणालो.

ही भिंत माझ्या डोक्यात कशी बसली, ते आधी सांगतो.

मी चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. वारासिवनी हे बालाघाट जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बाजारात हिंदी, पोवारांच्या घरी पोवारी, आमच्या आळीत मराठी. धान आणि हातमाग यांवर गावाचं पोट. इथल्या हातमागाच्या साडीला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आळीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना पेढे भरवले होते. अशा गावात पोरांची बोटं काही ना काही करतच असतात. पोळ्याला मातीचे बैल, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवणं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेर नेऊन टाकायचा नारबोदचा पुतळा. शिकवायला काही लागतच नाही, असं वाटावं इतकं हे अंगवळणी पडलेलं.

एका वर्षी पोळ्याच्या सुमारास शाळेच्या मागच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने बैल काढला. तो बैल मला आज डोळे मिटले तरी दिसतो. बसलेला बैल उठतो तो आधी मागून उठतो. मागचे पाय ताठ होतात, पुठ्ठा वर येतो आणि पुढचे गुडघे क्षणभर जमिनीवरच टेकलेले राहतात. नेमका तो क्षण पकडला होता. मान पुढे ताणलेली, वशिंड एका बाजूला कललेलं. पोटाखालून एकच रेघ गेली होती, कुठेही न अडखळता. दोन दिवसांनी तपासणी होती. मी शिपायाला बोलावून चुना आणवला आणि भिंत पुसून घेतली. वर्गात येऊन दरडावलं, की पुन्हा कोणी भिंत घाण केली तर खैर नाही. हे कोणी काढलं, असं मी विचारलं नाही. त्या दिवशी कोणाची बोटं काळी होती, हेही पाहिलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, विनायक पांडुरंग करमरकर या शिल्पकाराविषयी वाचत होतो. 1891 साली सासवण्यात जन्मलेला मुलगा. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ओटो रॉथफील्ड यांच्या नजरेला ते पडलं. परका साहेब, परमुलखातला अधिकारी, आणि चित्र कोणाचं, तर शिवाजी महाराजांचं. त्यांनी चौकशी केली, की हे कोणी काढलं. मुलगा पुढे आला. साहेबांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवायची व्यवस्था केली. पुस्तकात ही गोष्ट चार ओळींत संपते. मी मात्र त्या पानावरच थांबलो. एका भिंतीपाशी प्रश्न विचारला गेला आणि देशाला शिल्पकार मिळाला. दुसऱ्या भिंतीपाशी चुना आणवला गेला. तो चुना मी आणवला होता.

म्हणून सासवण्याला जायचं होतं.

गाडीने गर्रा ओलांडलं, वैनगंगेच्या पुलावर खडखडाट झाला आणि बालाघाट आलं. तिथून पुढे गोंदिया. दुपारी गोंदियाहूनच सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस पकडली. तिरोड्याच्या पुढे वैनगंगा पुन्हा भेटली, इथे चांगली ऐसपैस, वाळूत पसरलेली. समोरच्या बाकावर नागपूरला जाणारं कुटुंब होतं. आईने लहान मुलाच्या गळ्यातलं लॉकेट सारखं केलं. लॉकेटात साईबाबा. पाय खाली सोडून आसनावर बसलेले, नजर किंचित पुढे, चेहरा शांत.

ही मूर्ती आपण सगळ्यांनी हजार वेळा पाहिली आहे. रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, कॅलेंडरवर. वारासिवनीत क्वचितच एखादं घर असेल जिथे तिची छबी नाही. शिर्डीच्या समाधिमंदिरातली ती संगमरवरी मूर्ती 1954 साली बसवली गेली आणि ती घडवली बाळाजी वसंतराव तालीम यांनी. मी त्या बाईंना विचारलं, "ही मूर्ती कोणी केली, माहीत आहे का तुम्हाला?" त्या हसल्या. म्हणाल्या, "देवाची मूर्ती देवच करून घेतो जी." उत्तर श्रद्धेचं होतं, त्याला नाव ठेवावं असं काही नव्हतं. तरी मनात आलं, की ज्या माणसाच्या हातून एवढ्या घरांतला चेहरा उतरला, त्या माणसाचं नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

आपल्याकडे ही सवय जुनी आहे. आमच्याच जिल्ह्यात लांजीला कोटेश्वराचं जुनं मंदिर आहे. त्या दगडांवर छिन्नी चालवणाऱ्यांतल्या कोणाचं नाव आपल्या ओठांवर नाही. पाथरवट कोरायचा, राजाचं नाव शिलालेखात जायचं. शिल्पकाराने स्वतःच्या नावाने उभं राहणं ही आपल्याकडे फार अलीकडची गोष्ट आहे. ज्या पिढीत ती घडली, त्या पिढीला भेटायला मी निघालो होतो.

सकाळी मुंबईला उतरलो आणि पहिला तास स्टेशनाबाहेरच गेला. लोकांचा लोंढा माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत होता आणि मी मान वर करून उभा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या खांबांवर दगडात पानं आहेत, फुलं आहेत, पक्षी-प्राणी आहेत. त्यातलं बरंच काम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं. म्हणजे ज्या काळात आपल्याला वाटतं की सगळं साहेबानेच बांधलं, त्या काळातही दगडाला भिडलेले हात पुष्कळसे इथलेच होते.

जे. जे. तिथून चालत दहा मिनिटांवर. 1857 साली सुरू झालेली ही शाळा. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग 1865 साली इथे शिल्पकला शिकवायला आले. जवळच्या क्रॉफर्ड मार्केटवरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं त्यांचीच. या शाळेने आपल्या मुलांना ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून शिकवलं. वसई-अलिबागकडचा मुलगा अपोलोच्या दंडाचे स्नायू मोजत असेल, हे चित्रच विलक्षण आहे. ते शिक्षण कडक होतं. सांगाडा कसा उभारायचा, माती कशी चढवायची, साचा कसा घ्यायचा, हाडाच्या वर मांस आणि मांसाच्या वर कातडी कशी बसते, हे सगळं त्यात होतं. पण समोरचा देह परका होता.

तो देह पहिल्यांदा आपला करणारा माणूस म्हणजे गणपतराव म्हात्रे. 1896 साली, अवघ्या विशीत, त्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली. हातात पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुण मराठी स्त्री. तंत्र पश्चिमेचं, पण नेसण नऊवारी. त्या काष्ट्याच्या चुण्या पाहिल्या की कळतं, की ग्रीक देवतेच्या अंगावरचं वस्त्र कसं पडतं हे शिकलेल्या मुलाने घरातल्या बाईचं लुगडं किती निरखून पाहिलं असेल. आमच्या आळीत लुगडी विणली जातात, त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं. सूत कुठे ताठ राहतं, कुठे अंगावर पडतं, काठाच्या वजनाने पदर कसा ओढला जातो, हे विणणाऱ्याला ठाऊक असतं आणि नेसणारीला. म्हात्र्यांना ते ठाऊक होतं. बंगालमध्ये रवींद्रनाथ टागोरांनी 1898 साली या मूर्तीवर लेख लिहिला. एका मराठी मुलाच्या मातीकामाने देशाच्या दुसऱ्या टोकाला लेखणी हलवली.

दुपारी गिरगाव चौपाटीवर गेलो. लोकमान्य टिळकांचा पुतळा समुद्राकडच्या त्या गर्दीत ठाम उभा आहे. घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके, मूळ वसईचे. धारच्या पवार महाराजांच्या पुतळ्याच्या कामासाठी ते माळव्यात गेले आणि धारचेच होऊन राहिले. तिथे त्यांनी शिष्य घडवले. 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि धारमध्ये त्यांचा स्टुडिओ आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. आमच्याकडचे पोवार आपलं मूळ धारानगरीत सांगतात, भोजराजाचं नाव घेतात. धारहून निघून वैनगंगेकाठी धान पिकवायला आलेले ते, आणि कोकणातून निघून धारला माती मळायला गेलेले हे. पुतळ्याखाली उभं राहून मला वाटलं, माणसं मुलूख बदलतात, तेव्हा सोबत फारसं सामान नेत नाहीत. हातातलं कसब मात्र कुठेही नेता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवेला पोहोचलो. सदाशिव साठे यांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उजवीकडे ठेवून धक्क्यावर उतरलो आणि मांडव्याची बोट धरली. वैनगंगेच्या डोंग्याची सवय असलेल्या माणसाला समुद्राचं हे हेलकावणं निराळंच. किनारा मागे पडत गेला. रंगवलेल्या नाळेच्या मच्छीमार होड्या शेजारून जात होत्या आणि त्या नाळा पाहून मला अमेरिकेतल्या एका माणसाची आठवण झाली.

विल्यम रश हे त्याचं नाव. 1756 साली फिलाडेल्फियात जन्मलेला. जहाजांच्या नाळेवर बसवायच्या लाकडी मूर्ती कोरणं हा त्याचा धंदा. देश नुकता स्वतंत्र झालेला, शिल्पकलेची शाळा नाही, संगमरवर कोरायची परंपरा नाही. जे होतं ते लाकूड आणि बंदर. त्यातूनच तो वर आला. फिलाडेल्फियाच्या पाणीपुरवठ्याच्या कामासाठी 1809 साली त्याने लाकडात जलदेवी कोरली आणि आज अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या शिल्पकारांत त्याचं नाव घेतात. त्याच्यानंतरचा होरेशिओ ग्रीनो इटलीत जाऊन शिकला. 1832 साली त्याला सरकारने वॉशिंग्टनचा पुतळा करायला सांगितला. त्याने आपल्या राष्ट्राध्यक्षाला ग्रीक देव झ्यूससारखं बसवलं, उघड्या छातीचं, अंगावर नुसतं वस्त्र टाकलेलं. 1841 साली पुतळा राजधानीत आला आणि लोक गोंधळले. त्यांना त्यात आपला माणूस सापडेना. थोड्याच वर्षांत पुतळा संसद भवनातून बाहेर हिरवळीवर गेला.

म्हणजे ही अडचण आपल्या एकट्याची नव्हती. जिथे जिथे शिल्पकला दुसऱ्यांकडून शिकावी लागली, तिथे पहिल्या पिढीला हाच प्रश्न पडला. हात शिकले परक्याकडून, आता घडवायचं कोणाला आणि कसं? ग्रीनोच्या कामात पांडित्य दिसतं. रशच्या कामात बंदर दिसतं. माझं मन रशकडे जास्त ओढलं गेलं. तान्ह्या पोळ्याचा नंदी कोरणारा आमच्याकडचा सुतार आणि तो, दोघांचा गुरू एकच, लाकूड.

तासाभरात मांडवा आलं. धक्क्याबाहेर सहा आसनी रिक्षा उभ्या होत्या. माझ्या शेजारी टोपली घेतलेली एक कोळीण बसली. कुठे उतरणार, असं तिने विचारलं, मी सांगितलं. "करमरकरांकडे? मग ती म्हस बघा आधी," ती म्हणाली. "लहानपणी आम्ही तिला खरी समजून गवत टाकायचो." गावात शिल्पकाराची याहून मोठी कीर्ती कोणती असेल, मला ठाऊक नाही.

सासवणे नारळी-पोफळींच्या सावलीत आहे. रस्त्याच्या कडेला करमरकरांचं घर. नानासाहेब हे त्यांचं घरगुती नाव. त्यांच्याच घराचं आता शिल्पालय झालं आहे. फाटकातून आत शिरल्यावर अंगणात ती म्हैस भेटली. सिमेंटची. जनावराला ज्याने अंघोळ घातली आहे त्यालाच जमेल असं ते काम. पाठीचा कणा कातडीखालून सरकताना दिसतो, पोटाची गोलाई खाली जड होते, नाकपुडीपाशी मांसल ओलावा आहे असं वाटतं. सिमेंट ही मोठी आडमुठी वस्तू. ते वेळेत बसतं, थांबून विचार करू देत नाही. माती रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवता येते, सकाळी पुन्हा बोटं लावता येतात. सिमेंट ती सवलत देत नाही. तरीही करमरकरांनी ते आपलंसं केलं. कारण अगदी साधं असावं. संगमरवर महाग, ब्राँझ त्याहून महाग, आणि गावातली म्हैस घडवायला पैसे देणारा आश्रयदाता कुठून मिळणार? स्वतःच्या आनंदासाठी घडवायचं तर हाताशी असेल त्या वस्तूत घडवायला हवं.

आत खोल्यांमधून माणसं उभी आहेत. हातात मासळी घेतलेली 'मत्स्यगंधा', ओझ्याने वाकलेला हमाल, घरची माणसं, गावची माणसं, आणि त्यांच्याच रांगेत देशातले थोर पुढारी. 'शंखध्वनी'ची आकृती, जिला 1930 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. मी 'मत्स्यगंधे'समोर बराच वेळ थांबलो. मगाशी रिक्षात शेजारी बसलेली बाई आणि ही, दोघींचा मानेचा बाक एकच. डोक्यावर टोपली घेऊन चालणाऱ्या बाईची मान वरून दाब घेते, म्हणून ती पाठीशी एका रेषेत राहते आणि हनुवटी किंचित वर येते. हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसतं. किनाऱ्यावर रोज सकाळी उभं राहिलं तरच दिसतं.

आणि हा माणूस किनाऱ्यावरच राहिलेला नव्हता. जे. जे.तून निघाल्यावर 1916च्या सुमारास सुरेंद्रनाथ टागोरांच्या आग्रहाने तो कोलकात्याला गेला. तिथे स्टुडिओ थाटला, नाव मिळवलं. 1920 साली लंडनला रॉयल अकॅडमीत शिकायला गेला, ब्राँझचं ओतकाम शिकला, युरोपातली संग्रहालयं पायाखाली घातली. मायदेशी परतून 1925च्या सुमारास मुंबईत स्थिरावला. इतकं सगळं पाहून आलेल्या माणसाने शेवटी सासवण्यातच घर बांधलं आणि लंडनमध्ये शिकलेल्या हाताने दारातली म्हैस घडवली.

एका भिंतीवर पुण्याच्या पुतळ्याचं छायाचित्र पाहिलं आणि सगळी गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटली. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा आहे, तो करमरकरांचा. कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. 19 नोव्हेंबर 1921 रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढल्याच वर्षी शाहू महाराज गेले. काम करमरकरांकडे आलं. जून 1928 मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं. साडेतेरा फूट उंच, सुमारे आठ टन वजन, एकसंध ओतलेला.

घोड्यावरचा पुतळा म्हणजे शिल्पकाराची कठीण परीक्षा. घोड्याचं पोट मोठं, त्यावर स्वार, आणि सगळा भार चार बारीक पायांवर. आधी आतला लोखंडी सांगाडा उभा करायचा. त्यात वजन कुठून कुठे उतरतं याचा हिशेब चुकला तर वरची सगळी माती कोसळते. मग टनावारी माती चढवायची, मान, खांदा, आयाळ, लगाम. मातीवरून प्लास्टरचा साचा. साच्यावरून ओतकामाची तयारी. तांबं आणि कथील वितळून लालबुंद रस होतो, तो ओतताना थांबता येत नाही. मध्ये खंड पडला, साच्यात हवा अडकली, तर महिन्यांची मेहनत जाते. आठ टनांचं काम एकसंध ओतायचं म्हणजे ज्याला आपल्या सांगाड्यावर आणि ओतकऱ्यांवर पूर्ण विश्वास आहे, त्यानेच धरावी अशी वाट. मुंबईत माझगावला हे ओतकाम झालं आणि पुतळा पुण्याला नेला गेला.

मला त्या छायाचित्रात मात्र एक भिंत दिसत होती. देवळाच्या भिंतीवर ज्या मुलाने शिवाजी महाराज काढले, तेच महाराज त्याने सदतिसाव्या वर्षी ब्राँझमध्ये उभे केले. मधल्या काळात मुंबई होती, कोलकाता होतं, लंडन होतं. मनातली आकृती लहानपणी ठरून गेली होती. ती मोठी करायला लागलेली माती, पैसा, वेळ आणि विद्या पुढे इतरांनी दिली. पहिली गोष्ट दिली ती विचारणाऱ्याने.

रॉथफील्ड यांच्याविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी पुढे 'वीमेन ऑफ इंडिया' हे पुस्तक लिहिलं आणि त्यातली चित्रं महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी काढली. धुरंधर हे जे. जे.तून शिकून तिथेच शिकवणारे चित्रकार. म्हणजे त्या भिंतीपाशी थांबणं हा एका दिवसाचा योगायोग नव्हता. या माणसाला थांबून बघायची सवय होती. कलेक्टरच्या दौऱ्यात जमाबंदी असते, अर्ज असतात, तक्रारी असतात. माझ्या तपासणीपेक्षा ते काम नक्कीच मोठं होतं. त्यातूनही भिंतीकडे नजर गेली, कारण नजर तशी राखलेली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत गावात फिरलो. देवळाच्या दिशेने गेलो. भिंतीवर चित्र नव्हतंच, इतक्या वर्षांनी असायचं कारणही नव्हतं. रंगाचे कितीतरी हात चढून गेले असतील. मी तिथे हात टेकला. चुना गार होता. माझ्या शाळेच्या भिंतीचा चुनाही असाच गार होता. दोन्ही भिंती कोऱ्या, पण एका कोऱ्या भिंतीमागे पुण्याचा घोडा उभा आहे. दुसरीमागे एक मुलगा आहे, ज्याचं नाव मला आजही माहीत नाही. तो आता चाळिशीत असेल. कुठे गवंडीकाम करत असेल, कुठे ट्रक चालवत असेल, कदाचित शेतावर बसून उठणारा बैल रोज पाहत असेल. त्याने पुन्हा कधी कोळसा हातात घेतला का, हे विचारायला मला कोणाकडे जाता येत नाही.

करमरकर 1967 साली गेले. त्याआधी पद्मश्री मिळाली होती, मान मिळाला होता. शिल्पालयाच्या अंगणातून निघताना मी पुन्हा त्या म्हशीपाशी थांबलो. कोणीतरी तिच्यापुढे खरोखरच गवताची पेंडी टाकली होती.

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं फार नाही. घरी आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रवही घेऊन कोष्टीबुवांच्या मागासमोर जाऊन बसलो. चौतीस वर्षं मी त्यांच्या शेजारी राहिलो आणि त्यांचे हात कधी काढले नव्हते. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. फणी खटकन बसते. मध्येच धागा तुटतो, बुवा थांबतात, दोन बोटांनी टोकं जुळवतात, अंगठ्याने पीळ देतात आणि माग पुन्हा चालू. खळीचा आंबूस वास. मी कोळशाने हात काढत राहिलो. एक पान झालं, दुसरं झालं. बुवा म्हणाले, "गुरुजी, भिंत सापडली का जी?"

"सापडली," मी म्हणालो.

त्यांची नात माझ्या मागे येऊन कधी उभी राहिली, कळलं नाही. आठ-नऊ वर्षांची पोर, शाळेला निघालेली, एक वेणी अजून घालायची राहिलेली. बराच वेळ ती वहीत बघत राहिली. मग म्हणाली, "आबाजीचा अंगठा असा नाही जी."

"मग कसा आहे?"

तिने उत्तर दिलं नाही. माझ्या हातातली कांडी घेतली आणि माझ्या अंगठ्याच्या शेजारी एक अंगठा काढला. पहिलं पेर बाहेरच्या बाजूला वळलेलं, नख एका कडेला झिजलेलं, आणि धागा ज्या जागी रोज घासतो तिथे एक खाच. मी बुवांच्या हाताकडे पाहिलं. खाच होती. पन्नास वर्षांच्या सुताने पाडलेली. माझ्या डोळ्यांना ती दिसली नव्हती.

मी तिला नाव विचारलं. तिने पूर्ण नाव सांगितलं, वर्ग सांगितला, तुकडीही सांगितली. त्या अंगठ्याखाली मी ते तारखेसह लिहिलं, वहीचं पान फाडलं आणि दोघांच्याही चित्रांसकट तिच्या हातात दिलं. "बाईंना दाखव," मी म्हणालो. "आणि बाईंनी विचारलं नाही, तर उद्या इथेच ये. मी असेन."

ती पान दप्तरात ठेवून धावत गेली. तिची दोन बोटं काळी झाली होती.